पोळ्याच्या दिवशी आलेला राग

माणसाला राग का येतो, हे मला आमच्या जावयाच्या अंगणात बसून शिकायला मिळालं. शिकवणारे भरपूर होते. शिकणारी मी एकटी, आणि माझं डोकं तिथे पोचायच्या आधीच फिरलेलं होतं.

मी नलू. आर्णीला माझं ब्लाऊज शिवायचं दुकान आहे. माझी जीभ कात्रीसारखी चालते, असं गिऱ्हाईकं मागून म्हणतात. तोंडावर म्हणत नाहीत, कारण ब्लाऊज माझ्याकडे अडकलेला असतो. पायल माझी भाची. माझी थोरली बहीण ममता, तिची एकुलती एक मुलगी. भाऊजी वारल्यापासून ममता कुठल्याही बैठकीत आधीच अर्धी वाकून बसते, म्हणून मला जरा जास्त ताठ बसावं लागतं. पायलला दिलं ते गाव आर्णीपासून फार लांब नाही. नाव सांगत नाही. सांगितलं की बाकीची गावं छाती फुगवतील, आमच्याकडे असलं काही नसतं म्हणून.

पोळ्याच्या संध्याकाळी पायलच्या नवऱ्यानं, नयननं, तिला मारलं. उजवा हात मनगटात मोडला आणि कपाळाला पूजेच्या पितळी ताटाची कड लागून खोक पडली. पायल पोरीला, खुशीला, घेऊन ममताकडे आली. आठवडाभरानं सासरच्या अंगणात बैठक ठरली. विषय एकच, पायलनं परत नांदायला यायचं की नाही. 'की नाही' हे आपलं म्हणायला. तिकडचे लोक तिची पेटी कुठल्या खोलीत ठेवायची इथपर्यंत पोचले होते.

"तू चाल माह्यासंगं," ममता म्हणाली, "पण तोंड सांभाळजो व. पोरीले जन्म काढाचा हाये तिथं."

"कोणी ठरवलं?" मी म्हटलं. ती पिशवी भरायला लागली.

मारामारीचं मूळ काय, ते आधी सांगते, म्हणजे पुढचा शहाणपणा कळेल. आमच्याकडे पोळ्याला गावची बैलं तोरणाखाली उभी राहतात आणि झडत्या होतात. झडती म्हणजे यमक जुळवून ओरडून म्हटलेली टवाळी. कोणाची खोडी काढायची ती तेव्हाच काढून घ्यायची, शेवटी महादेवाचं नाव घ्यायचं, सगळ्यांनी हसायचं. ज्याच्यावर झडती, त्यानंही हसायचं. हा नियम आहे.

नयनवर झडती होणार हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. गेल्या निवडणुकीत त्यांचा वॉर्ड बायकांसाठी राखीव झाला. नयनला ग्रामपंचायतीत बसायचं होतं, म्हणून त्यानं पायलला उभं केलं. हिशोब सोपा होता, सही तिची आणि खुर्ची याची. पण पायल बी.ए. झालेली पोरगी. ती सभेला स्वतः जायला लागली. वाचून सही करायला लागली. एकदा तर नयन खुर्ची ओढून बाजूला बसला, तेव्हा ग्रामसेवकानं त्याला "भाऊ, जरा बाहेर थांबा" म्हटलं. तेव्हापासून घरात भांड्यांचा आवाज वाढला होता.

झडती म्हटली ती वामनरावांनी. वामनराव गावातलं मोठं प्रस्थ. पंचायत समितीत बसून आलेले. गावात कोणाचं लग्न ठरलं तरी पहिली पत्रिका त्यांना जाते. त्या झडतीचा व्हिडिओ घरोघरी फिरला, मीही पाहिला. पांढऱ्या कडक कपड्यात हात वर करून ते ओरडत आहेत,

"बाभूळ रे बाभूळ, बाभळीले काटे,
मेंबर झाली बायको, पाटलाची कॉलर फाटे,
ती बसे खुर्चीवर, हा बाहेर चहा वाटे,
एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव!"

गाव खदाखदा हसतंय. आणि सगळ्यात मोठ्यानं हसतोय आमचा जावई. बैलाचा कासरा धरून, मान मागं टाकून, हात जोडून. "बराबर हाये भाऊ, बराबर हाये!" असंही म्हणतोय. मग तो बैल घेऊन घरी गेला, आणि घरी गेल्यावर पायलचा हात मोडला.

खुशीला ममताच्या शेजारणीकडे ठेवून आम्ही बैठकीला गेलो, तर अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या. बाप्यांना खुर्च्या, आम्हा बायकांना सतरंजी. मेंबर असलेली पायलही, हात गळ्यात बांधून, सतरंजीवरच. मधोमध वामनराव, मध्यस्थ म्हणून. म्हणजे ज्यानं काडी टाकली त्यालाच विझवायला बोलावलेलं. शेजारी सासरे किसनराव. सासूबाई भागीरथाबाई दाराच्या चौकटीला टेकून उभ्या, पदर तोंडाशी. नयन खांबाजवळ मान खाली घालून बसला होता. एवढा गरीब चेहरा केला होता की कोणाला वाटावं, हात यांचाच मोडला.

सुरुवात किसनरावांनी केली.

"आमच्या घराण्याचं रक्तच गरम हाये. माहा बाप तं जेवता जेवता ताट भिरकावे. मी बी तसाच व्हतो. पोरात आलं ते रक्तातूनच आलं. मनात काही नसते त्याच्या."

हे त्यांनी लाजून सांगितलं असं समजू नका. वडिलोपार्जित वावर दाखवावं तसं दाखवलं. आणि 'मी बी तसाच व्हतो' म्हणताना त्यांनी दाराकडे पाहिलंसुद्धा नाही. भागीरथाबाईंच्या डाव्या कानाला ऐकू येत नाही. का येत नाही ते सगळ्या गावाला ठाऊक आहे, फक्त कोणी कानाचा विषय काढत नाही.

मग वामनराव बोलले. "झडती गमतीची असते. एवढं मनाले लावून घ्याचं नसते. पण जवान पोरगा हाये, चार लोकाइत इज्जत गेली असं वाटलं असन. चुकलं ते चुकलं." कोणाचं चुकलं ते काही त्यांनी सांगितलं नाही.

कोणी म्हणालं, त्या दिवशी उकाडा फार होता. कोणी म्हणालं, सोयाबीनवर रोग पडलाय, पोराचं डोकं जाग्यावर कसं राहील. एकानं तर मोबाइलला दोष दिला. दारू नव्हती हे एक बरं झालं, नाहीतर सगळं पाप तिच्या माथी मारून बैठक चहाच्या आधीच उठली असती.

मग उठला रवी. नयनचा चुलत भाऊ, यवतमाळला ज्युनिअर कॉलेजात मानसशास्त्र शिकवतो. चांगला मुलगा, आवाजही मऊ.

"मावशी, हे एका कारणानं होत नसते," तो माझ्याकडे पाहून म्हणाला. मीच रागानं बघत होते म्हणून असेल. "माणसाच्या मनासारखं झालं नाही की त्याची चिडचिड होते. अपमान झाला की ते वाढते. ज्यानं अपमान केला त्याले तो काही करू शकत नाही, मग तो राग दुसरीकडं निघते. त्यात लहानपणी घरात जे पाह्यलं, तेच हात शिकतात. नयनदादाच्या आतमधी खूप साचलं व्हतं. कुकरमधी वाफ साचते ना, तसं. कुठंतरी शिट्टी होणारच."

खरं सांगते, पोरगा बोलला त्यात खोटं काही नव्हतं. वरून बसलेला मार माणूस खाली काढतो, बापाचं पाहून पोरगा शिकतो, हे त्या अंगणात पहिल्यांदा कोणीतरी स्वच्छ बोललं. माझं डोकं उठलं ते त्याच्या पुढच्या वाक्यानं.

"म्हणून पायलवहिनीनं हे समजून घेतलं पाह्यजे."

झालं! एवढी विद्या शिकून आला, एवढं खणून काढलं, आणि शेवटी बिल कोणाच्या नावावर? पायलच्या. आजोबांनी ताट भिरकावलं, ते तिनं समजून घ्यायचं. वामनरावांनी टवाळी केली, सोयाबीनवर रोग पडला, ऊन तापलं, तेही तिनं समजून घ्यायचं. आणि या थोर मनाच्या पोरीची हाडं कोणी समजून घ्यायची?

"रवी बाबू," मी म्हटलं, "कुकर माह्या घरी बी हाये. पण तो माणूस पाहून शिट्टी देत नाही. समोर वामनभाऊ बसले तरी देते, मी बसली तरी देते. तुह्या भावाचा कुकर लय हुशार दिसते."

मागं दोन-चार जण हसले. ममतानं माझ्या मांडीला असा चिमटा काढला की दुसऱ्या दिवशी काळंनिळं झालं. वामनरावांनी हात वर केला आणि निकाल देऊन टाकला. पुढच्या वर्षीपासून गावात झडत्या बंद. भांडणाचं मूळच उपटून टाकायचं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी बघतच राहिले. हात मोडला नवऱ्यानं आणि शिक्षा झडतीला! उद्या गावात चोरी झाली तर हे लोक कुलपाला फाशी देतील.

"आता सूनबाईनं घरात यावं," किसनराव म्हणाले. "पोरीची शाळा बुडून राह्यली. झालं गेलं गंगेले मिळालं."

"वहिनी, तुमाले काही बोलाचं हाये का?" रवीनं विचारलं. एवढा एक चांगुलपणा त्याचा. बाकी कोणाला ते सुचलं नव्हतं.

पायल बसल्या जागेवरून बोलली. आवाज चढवला नाही.

"तोरणापासून घर लय दूर हाये, मामाजी," ती सासऱ्यांना म्हणाली. "पूर्ण गाव ओलांडून यावं लागते. रस्त्यात ह्यायले लोकं भेटले असतील. ज्याईनं खुर्चीचं बोलून चिडवलं, ते बी भेटले असतील. त्याईच्यापैकी कोणाले ह्यायनं काही म्हटलं का? विचारा."

कोणी विचारलं नाही. नयन जमीन कोरत होता.

"मी दारात उभी व्हतो. हातात ताट. आमच्या बादल बैलाचे पाय धुतले, कुंकू लावाले वाकली, तं बादलनं मान झटकली. ताट उडालं. पुरणाची पोळी चिखलात गेली. अन् बादलचा पाय ह्यायच्या पायावर पडला. पूर्ण वजन देऊन. बोट ठेचलं, रक्त आलं. ते बोट अजून बी काळं हाये, पाहून घ्या."

सगळ्यांच्या नजरा नयनच्या पायाकडे गेल्या. त्यानं पाय पटकन मागं ओढून घेतला.

"ह्यायनं हात उचलला व्हता बादलवर. मी डोयानं पाह्यलं. उचलला, अन् तिथंच थांबवला. काहून का पोळा व्हता. पोळ्याच्या दिवशी बैलाले मारत नाही ना आपण. काठी नाही, शिवी बी नाही. तोच हात ह्यायनं खाली आणला अन् बादलच्या मानेवरून फिरवला. 'राहू दे बेटा, राहू दे' म्हणे. मी म्हटलं, 'अहो, पायाले लय लागलं का?' एवढंच म्हटलं मी. अन् मग ताट उचललं ह्यायनं."

तिनं रवीकडे मान वळवली.

"रवीभाऊ, तुम्ही म्हणता राग आवरत नाही. बैलासाठी आवरला ना? बोट ठेचलं तरी आवरला. मंग माह्यापाशीच काहून सुटला?"

रवीच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की हे त्याच्या पुस्तकात बसतंय, पण बोलायला त्याची हिंमत होत नव्हती. मला तर रडूच आलं, आणि मला रडू आलं की अजून राग येतो. आमच्याकडे बैलाला वर्षातून एक दिवस मिळतो. बाईला तोही नाही.

वामनरावांना शांतता सोसत नाही. त्यांनी खुर्चीवरूनच नयनला हाक मारली, आपल्या गड्याला मारावी तशी.

"ऊठ बे. काय बसून राह्यला बैलावानी? माफी माग बायकोची. चाल, सगळ्याइसमोर."

मी नयनकडे पाहत होते. 'बे' ऐकून त्याच्या कानाची पाळी लाल झाली. जबडा घट्ट झाला. आणि पुढच्या क्षणी तोंडभर हसू! व्हिडिओतलंच हसू, काडीचा फरक नाही. उठला, हात जोडले. "हो भाऊ. तुमच्या शब्दाच्या बाहेर नाही भाऊ. चुकलो मी."

"मले म्हणून राह्यले का वामनरावांले?" पायलनं विचारलं.

खरंच, तो वामनरावांकडे तोंड करून माफी मागत होता. वळला, पायलकडे पाहिलं. आता हसू नव्हतं. "चुकलो," तो म्हणाला. दातातून.

पायल उठून उभी राहिली. ममतानं तिचा पदर ओढला, तिनं तो हळूच सोडवून घेतला.

"पाह्यलं ना सगळ्याईनं? आज परत चार लोकाइत ह्यायचा अपमान झाला. परत हे हसले. तुम्ही चहा घेसान अन् आपापल्या घरी जासान. दरवाजा लागला का मंग आजचं कोणाच्या अंगातून काढतील? मी काही ह्या घरी येत नाही. मी ठाण्यात जातो."

एकदम कालवा झाला. घराची अब्रू, पोरीचं भवितव्य, मेंबरकी, सगळं एकदम आठवलं लोकांना. किसनराव दाराकडे वळून गरजले, "ऐ! उभी काय राह्यली थोबाड घेऊन? समजाव आपल्या सुनेले!"

भागीरथाबाई चौकटीतून बाहेर आल्या. पदर तोंडावरून खाली पडला होता, तो त्यांनी परत घेतला नाही.

"कायले समजावू?" त्या म्हणाल्या. बहिऱ्या माणसासारख्या जरा मोठ्यानंच बोलतात. "मी समजूनच घेत आली ना तुमाले. रक्त गरम हाये, म्हटलं. दिवस वाईट हायेत, म्हटलं. पोरगं बाजेखाली बसून पाहे सारं. मी समजून घेतलं, अन् ते शिकलं. माही चूक झाली."

बघा! त्या अंगणात एवढी माणसं बसली होती, चूक म्हणून कबूल करणारी एक निघाली, आणि ती कोण, तर कान फुटेस्तोवर मार खाल्लेली. मला वाटलं ओरडून सांगावं, बाई, तुमची कशाला चूक! पण त्या थांबल्या नाहीत. "सूनबाई, मी येतो साक्षीले," त्या म्हणाल्या आणि चपला शोधायला लागल्या.

किसनराव खुर्चीतून ताडकन उठले. हात अर्धा वर आला. मग त्यांना वामनराव दिसले, रवी दिसला, कुंपणाशी उभी राहिलेली माणसं दिसली. हातानं त्यांनी टोपी नीट केली आणि खाली बसले. गरम रक्त लगेच थंड झालं.

आम्ही चौघी ऑटोनं निघालो. ममता सगळा रस्ता रडत होती आणि मधेच "बरं केलं पोरी" म्हणून परत रडत होती. भागीरथाबाई पायलचा प्लास्टरचा हात आपल्या मांडीवर धरून बसल्या होत्या, खड्ड्यात हिसका बसू नये म्हणून.

ठाण्यात हवालदार मध्यमवयीन होता, घाईत नव्हता. त्यानं आम्हाला बाकावर बसवलं, पाणी मागवलं, नाव-गाव लिहून घेतलं आणि विचारलं, "मारायचं कारण काय झालं?"

मी तयारच होते. झडती, खुर्ची, आजोबांचं ताट, सगळं तोंडाशी आलं होतं. पायलनं डाव्या हातानं माझा हात दाबला.

"कारण बहुत हायेत साहेब. ते लिहाले बसले तं मार लिहाचा राहून जाईन. पहिले मार लिहा."

तेवढ्यात बाहेर मोटरसायकल थांबली. नयन आला, मागे रवी. तणतणत पायऱ्या चढला. "कायची कंप्लेंट वो? घरच्या गोष्टी—" एवढं ओरडून तो आत आला आणि त्याला वर्दी दिसली. पाऊल तिथेच अडलं. खांदे खाली आले, हात जोडले गेले आणि तोंडभर हसू आलं.

"नमस्कार साहेब," तो म्हणाला. आवाज लोण्यासारखा.

पायलनं त्याच्याकडे पाहिलं, मग हवालदाराकडे.

"ह्यायले इथंच तुमच्यासमोर बसवून ठेवा साहेब," ती म्हणाली. "इथं येत नाही ह्यायले राग."

हवालदारानं नयनकडे एकदा नीट पाहिलं, बाकाच्या टोकाकडे बोट दाखवून त्याला बसायला सांगितलं आणि लिहायला सुरुवात केली.